तीन ग्रॅम आणि शंभर ग्रॅम

७ ऑगस्ट २०२४. उठलो तेव्हा फोनवर कोल्हापूरहून काकांचे सहा मिस्ड कॉल होते. घरात कुणाचं काही बरंवाईट झालं की काय, या धसक्यानं उलटा फोन लावला. काकांचा आवाज चिरकलेला. "विनेशला बाद केलं रे. शंभर ग्रॅमसाठी! शंभर ग्रॅम म्हणजे दोन घोट पाणी. तेवढ्यापायी पोरीची फायनल घालवली." काकांनी तरुणपणी तालमीत घाम गाळलाय, खासबागेत कुस्त्या केल्यात. आदल्या दिवशी विनेश फोगटनं पॅरिस ऑलिंपिकमध्ये ५० किलो गटात जपानच्या युई सुसाकीला हरवलं, तेव्हा त्यांनी गल्लीत पेढे वाटले होते. फायनलच्या सकाळी मात्र तिचं वजन शंभर ग्रॅम जास्त भरलं.

पुढचा आठवडाभर घरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर दुसरा विषय नव्हता. काका आणि आत्या म्हणत होते, अन्याय झाला, यामागं कुणीतरी आहे. चुलतभाऊ म्हणत होता, नियम तो नियम, पन्नास किलो म्हणजे पन्नास किलो. १४ ऑगस्टला क्रीडा लवादानं विनेशचं अपील फेटाळलं, तरी दोन्ही बाजू जागच्या हलल्या नाहीत. मला मात्र दोन्ही बाजू अर्ध्याच पटत होत्या, आणि त्याचं कारण माझं काम आहे.

मी नॉर्थ कॅरोलायनात मूर्सव्हिलजवळ राहतो. हा सगळा पट्टा नॅसकारचा, म्हणजे इथल्या स्टॉक कार शर्यतींचा. गोकुळ शिरगावच्या एमआयडीसीत मशीनवर उभा राहायला शिकलो, आज इथे एका वर्कशॉपमध्ये इंजिनाचे भाग तोलतो. आठ सिलिंडरचं इंजिन, आठ पिस्टन, आठ कनेक्टिंग रॉड, म्हणजे पिस्टनला क्रँकशी, इंजिनाच्या फिरत्या दांड्याशी, जोडणारे दांडे. प्रत्येक रॉड आधी पुसून कोरडा करायचा, कारण तेलाचा ओशटपणाही काट्यावर दिसतो. मग त्याचं एक टोक टांगायचं, दुसरं काट्यावर टेकवायचं आणि दोन्ही टोकांची वजनं वेगवेगळी लिहायची. मोठं टोक क्रँकबरोबर गोल फिरतं, लहान टोक पिस्टनबरोबर वरखाली होतं, म्हणून क्रँक तोलताना दोघांचा हिशेब निराळा. फिरणारं वजन पूर्ण धरायचं, वरखाली होणारं निम्मं. तेवढ्या वजनाचे तुकडे क्रँकला बांधून तो मशीनवर फिरवायचा. जड बाजूला ड्रिल मारायचं, हलक्या बाजूला टंगस्टनची खुंटी ठोकायची.

एका ग्रॅमनं काय होतं, असं मला गावाकडचे लोक विचारतात. नॅसकारचं इंजिन मिनिटाला नऊ हजार फेऱ्यांच्या आसपास फिरतं आणि त्याचा स्ट्रोक, म्हणजे पिस्टनची वरखाली चाल, साधारण सव्वातीन इंचांचा असतो. क्रँकपिनवर, म्हणजे रॉड क्रँकला जोडतो तिथे, एक ग्रॅम जास्त असेल, तर त्या वेगात तो पावणेचार किलोच्या जोरानं बाहेर ओढतो, तेही प्रत्येक फेरीत दिशा बदलत.

आता एप्रिल २०१३. मला इथे येऊन दोन वर्षं झाली होती. नॅसकारचा ड्रायव्हर मॅट केन्सेथनं कॅन्ससची शर्यत जिंकली आणि नंतर कॉनकॉर्डच्या तपासणी केंद्रात त्याचं इंजिन उघडलं गेलं. आठांपैकी एक रॉड किमान वजनापेक्षा कमी भरला. किती कमी? तीन ग्रॅमलाही थोडा कमी. बाकीचे सात नियमात बसत होते.

वजनाची ही खालची मर्यादा कशासाठी, हे समजून घ्यायला हवं. रॉड आणि पिस्टन हलके झाले की इंजिन जास्त फिरवता येतं. मग ज्याच्याकडे पैसा तो दर शर्यतीला आणखी हलका भाग करून घेणार, बाकीच्यांना त्याच्यामागं धावावं लागणार, आणि शेवटी एखादा बारीक केलेला रॉड तुटून ब्लॉक फोडणार. म्हणून नियम सांगतो, याच्या खाली कुणी जायचं नाही. पण आठांत एकच रॉड तीन ग्रॅमनं हलका असेल, तर त्यातून वेग मिळत नाही. उलट तोल बिघडतो. मुद्दाम फसवणारा माणूस आठही रॉड हलके करेल, एकटा कशाला करेल?

तरीही शिक्षा झाली. केन्सेथचे ५० गुण कापले. त्या काळी शर्यत जिंकून, सगळे बोनस धरूनही ४८ च्या वर गुण मिळत नसत. त्याचा क्रू चीफ, म्हणजे गाडीच्या तांत्रिक चमूचा प्रमुख, जेसन रॅटक्लिफला दोन लाख डॉलर दंड आणि सहा शर्यतींची बंदी. संघमालक जो गिब्ज यांचा परवाना सहा शर्यतींसाठी रद्द. उत्पादकांच्या क्रमवारीत टोयोटाचे पाच गुण गेले.

पुढचं मला आजही महत्त्वाचं वाटतं. इंजिन टोयोटाच्या कॅलिफोर्नियातल्या रेसिंग शाखेनं बांधलं होतं. त्यांनी लगेच सांगितलं, चूक आमची आहे, पूर्ण जबाबदारी आमची. कारस्थानाची भाषा नाही. आमच्या वर्कशॉपमध्ये दुसऱ्या दिवशी सकाळी म्हाताऱ्या फोरमननं कपाटातून प्रमाण वजनांची पेटी काढली आणि एकेक काटा तपासून घेतला. काम दुपारी सुरू झालं.

मग ८ मे रोजी तिघांच्या अपील मंडळानं ऐकून घेतलं. रॉड कमी वजनाचा होता, नियम मोडला होता, हे बदललं नाही. पण ५० गुणांचे १२ झाले, सहा शर्यतींची बंदी एका शर्यतीवर आली, मालकाचा परवाना परत मिळाला, आणि ज्यांच्या हातून चूक झाली त्या टोयोटाचे पाचाऐवजी सात गुण गेले. तीनच दिवसांनी केन्सेथ डार्लिंग्टनला जिंकला. क्रू चीफचा दंड तेवढा कायम राहिला, आणि ते मला तेव्हाही पटलं नव्हतं. बांधून आलेलं इंजिन त्यानं गाडीत बसवलं, आतला रॉड त्यानं कधी पाहिलाही नव्हता.

काकांना मी हेच समजावत होतो. काट्यावर सूट मागू नका. आज शंभर ग्रॅम सोडले, तर उद्या दोनशेवर भांडण येईल आणि ते भांडण ओळखीपाळखीवर सुटेल. नियम मोडला की नाही, हे ठरवताना फायदा झाला का, हेतू काय होता, हे बघायचंच नसतं. ते बघायचं शिक्षा ठरवताना. कुस्तीच्या जागतिक नियमात नेमकी तीच जागा नव्हती. दुसऱ्या दिवशी वजन जास्त भरलं की मल्ल पूर्ण बाद आणि क्रमवारीत शेवटचा. आदल्या दिवशी योग्य वजनात जिंकलेल्या तीन कुस्त्याही गेल्या. लवादाच्या निकालातही हा परिणाम अतिशय कठोर असल्याचं लिहिलंय, विनेशनं कोणतंही गैरकृत्य केलं नव्हतं हेही लिहिलंय. पण नियमानं हात बांधलेले होते. ५० चे १२ करायची मुभा तिथे कुणालाच नव्हती. माझा राग त्यावर आहे. आपल्याकडच्या चर्चेत डॉक्टर, प्रशिक्षक, राजकारण सगळं आलं, हे कलम बदला अशी मागणी मात्र कानावर क्वचितच आली.

२०२५ च्या फेब्रुवारीत अहिल्यानगरला महाराष्ट्र केसरीच्या उपांत्य कुस्तीत चितपटच्या निर्णयावरून मल्लानं पंचाला लाथ मारली आणि त्याच्यावर तीन वर्षांची बंदी आली. पुन्हा काकांचा फोन. पंचावर पाय उचलणं कुठल्याही तालमीत खपवून घेत नाहीत, काकांनाही ते मान्य. पण त्यांचा प्रश्न वेगळा होता. "पाठ टेकली नव्हती असं पोराला वाटत असंल, तर त्यानं जायचं कुणाकडं? तुमच्या त्या रॉडवाल्यांना तिघं तरी मिळाले."

काकांचं बरोबर आहे. पुढच्या मैदानाआधी, वजन होतं त्याच टेबलावर, प्रत्येक मल्लाच्या हातात एक कागद द्यावा. निर्णय पटला नाही तर किती मिनिटांत हात वर करायचा, कुस्तीचं चित्रीकरण कोण बघणार, आणि शिक्षा झालीच तर ती कमी-जास्त करू शकणारे, आयोजकांपैकी नसलेले तिघं कोण, हे त्यावर मराठीत लिहिलेलं असावं.