‘पुण्य विकलं, फोड फुकट’ या अभिप्रायाला आमचं उत्तर

नमस्कार,

एक तारा देऊन तुम्ही लिहिलंय की आमची कोल्हापुरी चप्पल तीन आठवडे उशिरा आली, अंगठ्याला फोड आले, एका पावसात काळी पडली, माल कोल्हापूरचा नव्हे, कर्नाटकातल्या अथणीचा निघाला आणि कोल्हापूरच्या चप्पल लाइनीत, म्हणजे चपलांच्या बाजारात, सातशेला मिळणारी वस्तू ‘कारागिरांच्या भल्यासाठी’ म्हणून आम्ही बावीसशेला गळ्यात मारली.

उशीर आमच्यामुळे झाला, कारागिरांमुळे नाही. जून २०२५ मध्ये प्राडा या इटालियन फॅशन कंपनीने मिलानला कोल्हापुरीसारखी चप्पल दाखवली, गदारोळ झाला आणि ऑर्डरी धो धो आल्या. आम्ही हावरटासारख्या सगळ्या घेतल्या. शिवणारे हात तेवढेच होते. निदान एक फोन करायला हवा होता. माफ करा.

काळी पडण्याचं कारण म्हणजे हे कातडं बाभळीची साल आणि हिरडा वापरून कमावलेलं असतं, ते पाणी पितं. भर पावसाळ्यात विकताना तेवढं तरी सांगायचं! आम्ही नाही सांगितलं. सावलीत वाळवून तेलाचा हात फिरवा. चप्पल सुरुवातीला थोडी चावते, पण फोड येत असतील तर माप चुकलंय. जोड बदलून देऊ, जायचा-यायचा खर्च आमचा.

अथणीचं मात्र मान्य नाही. कोल्हापुरी चपलेला २०१९ मध्ये मिळालेला जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन, कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर यांच्याबरोबर बेळगाव, धारवाड, बागलकोट, विजापूर या जिल्ह्यांचाही आहे. अथणी बेळगाव जिल्ह्यात येतं.

आता बावीसशेचा हिशेब. तुम्ही घेतलीत तेव्हा हजारावरच्या चपलेला १८ टक्के जीएसटी होता, म्हणजे ३३६ रुपये तिथेच गेले. उरलेल्या १,८६४ मधले ५२० कातडं आणि इतर मालाचे, ७६० मजुरीचे, १३० पेटी-कुरिअरचे. राहिले ४५४. त्यात भाडं, पगार, परत आलेले जोड आणि आमचा नफा. २२ सप्टेंबर २०२५ पासून कर ५ टक्के झाला, तोच जोड आता १,९६० ला आहे. लाइनीतही चांगला माल मिळतो, मी तिथेच वाढलो. फक्त सातशेच्या जोडात शिवणाऱ्याला किती मिळाले, ते एकदा विचारून बघा. पुष्कळ ठिकाणी तो आधीच घेतलेली उचल फेडत असतो. आम्ही निम्मी मजुरी ऑर्डरीबरोबर देतो, निम्मी माल आल्यावर. तुमचा जोड परत आला म्हणून त्यातला रुपयाही कापणार नाही.

‘भलं’ या शब्दावर तुम्ही चिडलात, ते बरोबरच आहे. पेटीतलं ‘तुमच्या खरेदीने एका घराची चूल पेटली’ हे कार्ड मी हौसेने छापलं होतं. चपलेची वेणी घालणाऱ्या मावशींनी ते नातवाकडून वाचून घेतलं आणि मला विचारलं, “आमची चूल काय तोवर विझली होती व्हय?” कार्ड बंद केलंय. शिल्लक गठ्ठ्याच्या मागच्या कोऱ्या बाजूवर आता पावसाची सूचना छापतोय, मराठीत.

जोड पाठवताना अंगठ्याला नेमकं कुठे लागतं तिथे पेनाने खूण करा. जोड शिवणाऱ्या मामांना तेवढी पुरते.