प्रत्येक पेल्यामागे बालपणीची जखम?

गेला आठवडाभर एक पोस्ट फिरतेय. "प्रत्येक व्यसनामागे जखमी बालपण असतं. आईच्या कुशीत ज्याला सुरक्षित वाटलं, तो बाटलीकडे वळत नाही. आतली जखम भरा, व्यसन आपोआप सुटेल." माझ्या मावशीनं चष्मा पुसून ती दोनदा वाचली आणि मला विचारलं, "म्हणजे मीच कुठं कमी पडले का रे?" तिचा मुलगा पंधरा वर्षं पितोय.

पोस्टमध्ये तथ्य आहे, ते आधी मान्य करू. 1998 साली व्हिन्सेंट फेलिटी आणि रॉबर्ट अँडा यांनी अमेरिकेत सॅन डिएगोमधल्या साडेनऊ हजार लोकांचा अभ्यास छापला. लहानपणी मार खाल्ला का, लैंगिक अत्याचार झाला का, आईला मारझोड व्हायची का, घरात कुणी दारुडं होतं का, असे प्रश्न. यातलं काहीच न सोसलेल्यांपैकी 2.9 टक्के लोकांनी स्वतःला दारुडं म्हटलं; चार किंवा जास्त प्रकार सोसलेल्यांपैकी 16.1 टक्के. फरक दणदणीत आहे. पण तोच आकडा उलटा वाचा: एवढं सोसूनही शंभरातल्या 84 जणांनी स्वतःला दारुडं म्हटलं नाही. आणि काही न सोसलेल्यांतही दारुडे निघालेच. "प्रत्येक" हा शब्द टिकत नाही तो इथं.

आपल्याकडची तंबाखू घ्या. 2016-17 च्या राष्ट्रीय पाहणीत महाराष्ट्रातले 24.4 टक्के प्रौढ तंबाखू खाणारे किंवा मिश्री लावणारे निघाले. एवढ्या सगळ्यांचं बालपण जखमी? मिश्री तर कित्येक घरांत आजीच्या डबीतून नातीच्या बोटावर येते, दाढ दुखतेय म्हणून, मायेनं. पुढचं काम निकोटिन करतं.

आता आईची कूस. पोस्टमध्ये बाप कुठंच नाही, हे लक्षात आलं का? मूल बापाशी, आजीशी, मावशीशीही घट्ट जोडलं जातं. शिवाय जुळ्यांच्या अभ्यासांतून दिसतं की दारूच्या व्यसनाचा धोका कुणाला जास्त, कुणाला कमी, यातला साधारण निम्मा फरक आनुवंशिक असतो. पिणारा बाप मुलाला रक्तातून धोका देतो, रात्रीची धास्ती देतो आणि कपाटात बाटलीही ठेवतो. यातलं कशानं किती झालं, हे वेगळं काढणं संशोधकांनाही जड जातं. पोस्टवाल्यानं ते तीन ओळींत उरकलं.

"आपोआप सुटेल" हे मात्र नुसतं चूक नाही, धोक्याचं आहे. वर्षानुवर्षं रोज भरपूर पिणाऱ्यानं एकदम दारू तोडली की हात थरथरतात, पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते, नंतर भास होतात, वेळेवर उपचार नाही मिळाले तर माणूस जातोसुद्धा. तिथं आधी डॉक्टर, औषधं, बी-1 जीवनसत्त्व. लहानपणच्या घावांवर बोलायला हवंच, समुपदेशक ते करतातही. पण ते व्यसनाच्या उपचाराबरोबर, त्याच्या ऐवजी नाही.

मावशीला हे सगळं सांगितलं. आकडे तिनं फारसे ऐकले नाहीत. मिश्रीवर मात्र हसली. तिच्या आजीची डबी पितळेची होती म्हणे. मग फोन उलटा ठेवून म्हणाली, "बरं, उद्या सकाळी त्यानं घ्यायच्या आत डॉक्टरकडे न्यायचं, की घेतलेली असली तरी चालते?"

चालते, म्हटलं.