‘परिसराला दोष देऊ नका’ : एका प्रतिक्रियेला उत्तर

सप्रेम नमस्कार,

किशोरवयीन मुलांचा व्यायाम आणि त्यांच्या घराभोवतालचा परिसर यांविषयीच्या माझ्या लेखावर (जवळ मैदान असले की मुले जास्त खेळतात आणि मोबाईलही सुटतो, असे मी त्यात म्हटले होते) आपण लिहिलेली सविस्तर प्रतिक्रिया मी दोनदा वाचली. आपले म्हणणे थोडक्यात असे : मुले हलत नाहीत याला मोबाईल आणि पालकांचा ढिलेपणा कारणीभूत आहे, परिसराकडे बोट दाखवणे ही पळवाट आहे, गिरगावातल्या आपल्या चाळीपुढे मैदान नव्हते, तरी आपण दिवेलागणीपर्यंत खेळत होता, आणि मैदानाजवळची मुले जास्त खेळतात हे मान्य केले, तरी खेळाची आवड असलेली कुटुंबेच मैदानाजवळ राहायला जात असतील, तेव्हा मी कारण आणि परिणाम यांची उलटापालट केली आहे. यांतला शेवटचा आक्षेप सर्वांत वजनदार आहे, म्हणून आधी तोच घेते.

आपल्या बाजूचा उत्तम दाखला मीच देते. सचिन तेंडुलकरचे घर वांद्रे पूर्वेच्या साहित्य सहवासात होते. शिवाजी पार्कवर रमाकांत आचरेकरांकडे सराव करायचा म्हणून त्याने शाळा बदलून दादरच्या शारदाश्रमात प्रवेश घेतला आणि जाण्यायेण्याचा वेळ वाचावा म्हणून तो मैदानाजवळ काका-काकूंकडे राहू लागला. त्या काळात कोणी शिवाजी पार्कच्या आसपासच्या मुलांचे खेळण्याचे तास मोजले असते, तर सचिनचे तासही त्या बेरजेत धरले गेले असते आणि एका मुलाच्या ध्यासाचे श्रेय मैदानाच्या पदरात पडले असते. असे घडू शकते, हे मूळ लेखात मी सांगायला हवे होते. पण याच गोष्टीची दुसरी बाजू पाहा. वांद्रे ते दादर हे अंतर लोकलने अवघ्या तीन स्थानकांचे आहे. क्रिकेटचा ध्यास घेतलेल्या मुलालाही ज्या अंतरापायी घर सोडावे लागले, ते अंतर शाळेनंतर नुसते तासभर हातपाय मोकळे करू पाहणाऱ्या सामान्य मुलाला कसे झेपावे?

आवडीचा हा गुंता सोडवायचा, तर घर कोणाला कुठे मिळेल हे चिठ्ठ्या टाकून ठरवावे लागेल. अमेरिकेत १९९४ ते १९९८ या काळात पाच शहरांत जवळजवळ तसेच झाले. गरीब वस्त्यांतल्या सरकारी घरांत राहणाऱ्या कुटुंबांतून सोडतीने काहींची निवड करून त्यांना कमी गरिबीच्या भागात राहायला जाण्यासाठी भाड्याची मदत देऊ केली गेली. दहा-पंधरा वर्षांनी तपासले, तेव्हा त्या गटातल्या स्त्रियांत अतिलठ्ठपणा आणि मधुमेह यांचे प्रमाण काहीसे कमी आढळले. ही पाहणी प्रौढ स्त्रियांची होती आणि तिच्यात व्यायाम नव्हे, वजन आणि रक्तातली साखर मोजली होती, म्हणून ती मी याहून ताणणार नाही. परंतु कुटुंबाची आवडनिवड बाजूला काढली तरी परिसर शरीरावर काही ना काही खूण सोडतो, एवढे म्हणायला ती पुरेशी आहे.

आता मोबाईल. जागतिक आरोग्य संघटनेच्या अभ्यासकांनी १४६ देशांतल्या सुमारे १६ लाख विद्यार्थ्यांची माहिती एकत्र केली. ११ ते १७ वयोगटातल्या मुलांना दिवसाला सरासरी तासभर दमवणारी हालचाल हवी, असा निकष आहे. २०१६ साली ७८ टक्के मुलगे आणि ८५ टक्के मुली त्यात कमी पडत होत्या. आपल्या दृष्टीने महत्त्वाचा आकडा मात्र २००१ चा आहे : तेव्हा मुलग्यांत हे प्रमाण ८० टक्के होते आणि मुलींत ८५. म्हणजे स्मार्टफोन कोणाच्या हातात नव्हता, त्या काळातही चित्र जवळपास इतकेच वाईट होते. मोबाईलने अनेक गोष्टी बिघडवल्या असतील, पण पाचांतल्या चार मुलांना त्यानेच घरी बसवले, असे हे आकडे सांगत नाहीत.

आपल्या चाळीबद्दल मी थोडे अधिक लिहिणार आहे, कारण आपली ही आठवण मला माझ्याच बाजूची वाटते. मैदान नव्हते हे खरे, पण चौक होता. गल्लीत दिवसाकाठी चार गाड्या आल्या तर आल्या. डबा ऐसपैस आणि लगोरीला त्याहून जास्त जागा लागत नाही, आणि क्रिकेटचे नियम तर जागेनेच घडवले : चेंडू थेट कोणाच्या घरात गेला की फलंदाज बाद. वर गॅलरीत कोणी ना कोणी उभे असे, त्यामुळे मुले कुठे आहेत हे विचारावे लागत नसे. ‘परिसर’ म्हणताना माझ्या मनात हेच सारे होते. केवळ महापालिकेने कुंपण घातलेला हिरवा चौकोन नव्हे. आज चौकात गाड्या लागतात आणि आमच्या सोसायटीप्रमाणे कित्येक ठिकाणी ‘येथे चेंडू खेळण्यास मनाई आहे’ अशी पाटी लागते. (त्या पाटीच्या बाजूने सभेत मीही हात वर केला होता. आमची काच दोनदा फुटली होती.) मुंबईत माणशी मोकळी जागा जेमतेम सव्वा चौरस मीटर आहे, म्हणजे चौकातून हाकललेल्या मुलाने जावे तरी कुठे?

मुलींच्या बाबतीत तर जागा असूनही प्रश्न सुटत नाही. मैदानावर मुलग्यांचे चार-पाच डाव एकमेकांत घुसून चाललेले असतात, कडेच्या कट्ट्यावर टोळकी असतात आणि परतीच्या वाटेवरचा दिवा बंद असतो; अशा वेळी चौदा वर्षांच्या मुलीला ‘खेळून ये’ म्हणणे पालकांना जड जाते, आणि त्याला ढिलेपणा म्हणता येणार नाही. वर सांगितलेल्या अभ्यासात भारतातल्या मुलींचे प्रमाण इतर अनेक देशांच्या मानाने बरे निघाले, पण त्यामागे घरकामाचा वाटा असावा, असे अभ्यासकांनीच सुचवले आहे. केर काढणे आणि पाणी भरणे ही हालचाल खरीच, तिला खेळ मात्र कोणी म्हणू नये.

नववी-दहावीच्या मुलांचा वेळ क्लास खातात, हा आपला मुद्दा मला पूर्ण मान्य आहे; फक्त ‘मग मैदान जवळ असून उपयोग काय’ हा त्यातून आपण काढलेला निष्कर्ष मान्य नाही. शाळा आणि क्लास यांच्यामध्ये पाऊण तास उरत असेल, तर मैदान पाच मिनिटांवर असताना अर्धा तास खेळता येते आणि वीस मिनिटांवर असताना मुळीच येत नाही. वेळ जितका तुटपुंजा, तितके अंतराचे महत्त्व वाढते.

एका बाबतीत मात्र आपण मला योग्य ठिकाणी पकडले आहे. व्यायाम आणि स्क्रीन यांना मी एकाच तराजूची दोन पारडी मानले होते, म्हणजे एक वर गेले की दुसरे आपोआप खाली येणार. तसे होत नाही. संध्याकाळी तासभर फुटबॉल खेळलेला मुलगा रात्री तीन तास मोबाईल पाहू शकतो, आणि पाहतोही. मार्च २०२० मध्ये शाळा आणि उद्याने बंद झाली आणि शिक्षणच मोबाईलवर आले. शहरांतले आठवी ते बारावीचे वर्ग ४ ऑक्टोबर २०२१ रोजी उघडले, तोवर सवय पक्की झाली होती. आमच्या भागातले मैदान खुले झाल्यावर लहान मुले लगेच धावत आली, पण पंधरा-सोळा वर्षांची मुले आली ती मोबाईल घेऊनच, आणि कट्ट्यावर बसली. म्हणजे परिसराचा व्यायामाशी असलेला संबंध मला अजूनही भक्कम वाटतो, पण स्क्रीनशी असलेला संबंध त्या मानाने सैल आहे, आणि तिथे घरातल्या शिस्तीचे वजन आपण म्हणता तसे जास्त असू शकते. मात्र आपण लिहिलेली स्क्रीनवेळेची ‘दोन तासांची मर्यादा’ या वयासाठी जागतिक आरोग्य संघटनेने घातलेली नाही. तिच्या २०२० च्या मार्गदर्शक सूचनांत करमणुकीचा स्क्रीनवेळ कमी ठेवावा एवढेच म्हटले आहे, तासांचा आकडा दिलेला नाही.

मूळ लेखातले ‘मैदान आले की मोबाईल सुटेल’ हे वाक्य मी आज काढले आहे आणि तिथे आपल्या प्रतिक्रियेचा उल्लेख केला आहे. पाटीचा विषय पुढच्या महिन्यातल्या सोसायटीच्या सभेत पुन्हा मांडणार आहे. या वेळी हात कोणत्या बाजूने वर करायचा, हे काचेचा खर्च कोण भरणार यावरही अवलंबून राहील.