पिल्लाचा ‘माज’ उतरवू पाहणाऱ्या संदेशाला उत्तर

नव्याने घरी आणलेल्या कुत्र्याच्या पिल्लाला महिनाभरात शिस्त कशी लावावी आणि त्याचे किरकोळ आजार डॉक्टरकडे न जाता कसे बरे करावेत, हे क्रमवार सांगणारा एक लांबलचक संदेश बऱ्याच दिवसांपासून मोबाइलवर फिरतो आहे. असल्या संदेशांना उत्तरे देत बसू नये असे माझे मत होते आणि एरवी आजही आहे. पण या वेळी तो माझ्या भाचीने पाठवला आणि त्यातला पहिला उपाय तिने आठवडाभर करूनही झाला होता, म्हणून हे लिहिणे भाग पडले.

संदेशाचे म्हणणे थोडक्यात असे आहे. कुत्रा हा लांडग्याचा वंशज असल्यामुळे घरात म्होरक्या कोण, हे त्याला पहिल्याच आठवड्यात कळले पाहिजे. पिल्लू चावले की त्याला उताणे पाडून, गळ्यावर हात ठेवून, ते निपचित पडेपर्यंत दाबून धरावे. घरात घाण केल्यास त्याचे नाक त्यात घासावे. खाणे नाकारले किंवा उलट्या-जुलाब सुरू झाले तर दोन दिवस अन्नपाणी तोडावे. नाक कोरडे आणि कान गरम लागले तर ताप आहे असे समजून माणसांची तापाची गोळी द्यावी. जंतांवर लसूण चारावी. आईच्या दुधाची शक्ती सहा महिने पुरत असल्याने तोवर लस टोचू नये, आणि सगळ्या लसी पूर्ण होईपर्यंत पिल्लाला उंबऱ्याबाहेर काढू नये. यातल्या उंबऱ्याच्या शेवटच्या कलमात थोडे तथ्य आहे, त्याचा विचार शेवटी करू. बाकीच्या कलमांमागे एकच गृहीतक आहे, ते म्हणजे पिल्लू जे काही करते ते माजाने करते. एकदा हे गृहीत धरले की त्याचे कोवळे वय आणि त्याचा आजार या दोन्ही गोष्टी माणसाला दिसेनाशा होतात.

म्होरक्याची कल्पना आली कुठून, ते आधी पाहू. रुडॉल्फ शेंकेल या अभ्यासकाने स्वित्झर्लंडमधील बाझेल येथील प्राणिसंग्रहालयातल्या लांडग्यांचे निरीक्षण करून 1947 मध्ये एक प्रबंध प्रसिद्ध केला. हे लांडगे बंदिस्त जागेत एकत्र ठेवलेले होते आणि त्यांच्यात वर्चस्वासाठी चकमकी होत असत. अमेरिकी जीवशास्त्रज्ञ डेव्हिड मेक यांनी 1970 मधील आपल्या पुस्तकात हीच मांडणी उचलली आणि तिथून ती सर्वतोमुखी झाली. पुढे त्याच मेक यांनी कॅनडाच्या उत्तरेकडील एल्समीअर बेटावर रानातल्या लांडग्यांचा अनेक उन्हाळे जवळून अभ्यास केला आणि 1999 मध्ये शोधनिबंध लिहून सांगितले की नैसर्गिक अवस्थेतला लांडग्यांचा कळप म्हणजे बहुधा आईबाप आणि त्यांची पिल्ले असे साधे कुटुंब असते, आणि त्यातल्या आईबापांना लढून म्होरके व्हावे लागत नाही. ज्याच्या नावावर ही कल्पना जगभर खपली त्यानेच ती मागे घेतली, त्यालाही आता पाव शतक उलटून गेले. संदेश लिहिणाऱ्याला मात्र अजून त्याचा पत्ता नाही. शिवाय लांडग्यांमध्येही दुबळा प्राणी आपण होऊन पाठीवर लोळतो. दुसऱ्याने त्याला धरून आपटायचे, ही भर माणसांनी घातली आहे.

पिल्लू का चावते, याचे उत्तर शोधायला लांडग्यांपर्यंत जाण्याचे काहीच कारण नाही. आठ ते सोळा आठवड्यांचे पिल्लू तोंडानेच जग चाचपते, भावंडांशी तोंडानेच खेळते, आणि आपले दात समोरच्याला किती लागतात हे त्याला अजून कळायचे असते. त्याच सुमारास दुधाचे 28 दात पडून त्यांच्या जागी 42 पक्के दात येऊ लागतात, ते काम सहा-सात महिन्यांपर्यंत चालते, आणि हिरड्या शिवशिवत असल्यामुळे चपलेपासून टेबलाच्या पायापर्यंत काहीही चघळले जाते. (पिल्लू चपला सूड म्हणून फाडते, हे संदेशातले वाक्य यापेक्षा अधिक उत्तराच्या लायकीचे नाही.) त्यात लहान पिल्लाला दिवसातून 18 ते 20 तास झोप लागते, आणि घरात सतत कोणी ना कोणी त्याच्याशी खेळत राहिले की संध्याकाळी ते पेंगुळलेल्या मुलासारखे अनावर होते, धावत सुटते, घोट्यांना चावते. नेमक्या त्याच क्षणी त्याला उताणे पाडून दाबण्याचा सल्ला हा संदेश देतो.

त्याचा परिणाम काय होतो, याचा ठोस पुरावा आहे. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातील मेगन हेरॉन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वर्तनसमस्यांसाठी आणलेल्या कुत्र्यांच्या 140 मालकांना, त्यांनी याआधी कोणकोणते उपाय केले आणि त्यावर कुत्र्याने काय केले, हे विचारून 2009 मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. कुत्र्याला उताणे पाडून दाबून धरणाऱ्यांपैकी 31 टक्के मालकांच्या कुत्र्यांनी त्यावर आक्रमक प्रतिक्रिया दिली होती. मारणाऱ्यांच्या किंवा लाथ घालणाऱ्यांच्या बाबतीत हे प्रमाण 43 टक्के होते आणि कुत्र्यावर उलट गुरगुरणाऱ्यांच्या बाबतीत 41 टक्के. ही कुत्री मुळातच बिघडलेली म्हणून दवाखान्यात आलेली होती, त्यामुळे हे आकडे प्रत्येक कुत्र्याला जसेच्या तसे लावता येणार नाहीत, हे मान्य करतो. पण हा संदेश नेमका चावणाऱ्या कुत्र्यांसाठीच लिहिला असल्याचा दावा करतो, आणि त्याच कुत्र्यांमध्ये हा उपाय उलटतो. बक्षीस देऊन शिकवण्याच्या उपायांवर अशी प्रतिक्रिया फार थोड्या कुत्र्यांनी दिली होती.

माझ्या भाचीच्या घरी जे दिसले ते याहून वेगळे नाही. तिचे पिल्लू तीन महिन्यांचेही झालेले नाही. पट्टा अडकवण्यासाठी तिचा हात गळ्याकडे जाऊ लागला की ते आधी तोंड वळवते, मग जिभेने नाक चाटते, कान मागे घेते, डोळ्याच्या कोपऱ्यातला पांढरा भाग दिसू लागतो, आणि हात तरीही पुढे आलाच तर बारीक आवाजात गुरगुरते. या पायऱ्या ज्याला वाचता येतात त्याला ते पिल्लू भ्यायले आहे हे सांगावे लागत नाही. संदेशाच्या मते मात्र गुरगुरणे हा उद्धटपणाचा कळस असून त्यावर शिक्षा दुप्पट करावी. गुरगुरणे हा चावण्याआधीचा इशारा आहे; तोच दाबून टाकला तर भीती तशीच राहते आणि इशारा तेवढा नाहीसा होतो. ‘काहीही कारण नसताना चावला’ अशी ज्या कुत्र्यांची तक्रार होते, त्यांतल्या कित्येकांना आधी कोणीतरी असेच गप्प केलेले असते.

चावणे मुकाट सहन करावे, असे मी म्हणत नाही. दात कातडीला लागले की त्या क्षणी खेळ थांबवावा, हात झटकून ओढू नये कारण पळणारा हात त्याला अधिक मजेशीर वाटतो, अर्धा मिनिट उठून बाजूला व्हावे, आणि परतल्यावर चावण्यासाठी खेळणे पुढे करावे. घरातल्या प्रत्येकाने हे सारख्याच पद्धतीने केले तर काही आठवड्यांत फरक पडतो. मामाने हात चावायला द्यायचा आणि मुलांनी तेवढे ओरडायचे, असे चालले तर पडत नाही. आणि एरवी शांत असलेले पिल्लू कान, पाठ किंवा पाय यांपैकी एका विशिष्ट जागी हात लावला की चावत असेल, तर तिथे काही दुखत आहे का हे आधी तपासून घ्यावे. कानाच्या दाहाने कळवळणाऱ्या पिल्लाला उताणे पाडणे हा शुद्ध छळ आहे.

नाक घासण्याच्या कलमावर फार शब्द खर्च करण्यात अर्थ नाही. घाण करणे आणि शिक्षा यांत काही मिनिटांचे अंतर पडले तरी पिल्लाला त्यांचा संबंध लागत नाही. त्याला एवढेच कळते की माणसासमोर शी-शू करणे धोक्याचे आहे, आणि मग ते सोफ्यामागे जाऊन करू लागते. ‘पण त्याला आपली चूक कळते, चेहराच सांगतो’ असे म्हणणाऱ्यांसाठी कुत्र्यांच्या वर्तनाच्या अभ्यासक अलेक्झांड्रा होरोविट्झ यांचा 2009 मधील 14 कुत्र्यांवरचा प्रयोग पुरेसा आहे. त्यांना असे आढळले की कुत्र्याचा अपराधी चेहरा हा त्याने खरोखर आगळीक केली की नाही यावर अवलंबून नसतो, तो मालकाच्या रागावण्यावर अवलंबून असतो. झोपून उठल्यावर, खाल्ल्यावर आणि खेळ संपल्यावर पिल्लाला ठरलेल्या जागी नेणे आणि तिथे केल्याबरोबर शाबासकी देणे, एवढाच खरा उपाय आहे. सवय लागलेले पिल्लू अचानक जागोजागी थेंब थेंब लघवी करू लागले, तर मूत्रमार्गाच्या संसर्गाची शक्यता पशुवैद्याकडून तपासून घ्यावी.

आता जिवावर बेतणारे कलम. उलट्या-जुलाब झालेल्या पिल्लाचे दोन दिवस अन्नपाणी तोडण्याच्या सल्ल्यामागे एक जुनी पद्धत आहे, तेवढे कबूल करतो: पोट बिघडलेल्या पण एरवी धडधाकट असलेल्या मोठ्या कुत्र्याला काही तास उपाशी ठेवायला डॉक्टरही सांगत असत. पिल्लाच्या यकृतात मात्र साखरेचा साठा फार थोडा असतो, आणि उपाशी राहिल्यास काही तासांतच रक्तातील साखर उतरून ते लटपटू लागते, थरथरते, क्वचित झटकेही येतात. पाणी तोडणे तर कोणत्याच वयात समर्थनीय नाही. त्याहून मोठा धोका पार्वोचा आहे. 1978 मध्ये जगासमोर आलेला हा विषाणू आतड्याचे अस्तर आणि अस्थिमज्जा यांतल्या वेगाने वाढणाऱ्या पेशींवर हल्ला करतो. पिल्लू आधी मलूल होते, खाणे सोडते, उलट्या करते आणि मग दुर्गंधीयुक्त, बहुधा रक्तमिश्रित जुलाब सुरू होतात. उपचार न झाल्यास बहुतेक पिल्ले दगावतात. वेळेवर सलाइन आणि इतर उपचार मिळाले तर दहापैकी आठ-नऊ वाचू शकतात. संदेशात जे दोन दिवस ‘नखरे मोडण्यासाठी’ सांगितले आहेत, त्याच दोन दिवसांत हा फरक ठरतो. पार्वो झालेल्या 30 पिल्लांवरील 2003 मधील एका अभ्यासात तर, उलट्या थांबण्याची वाट न पाहता डॉक्टरांनी नळीवाटे लवकर अन्न सुरू केलेली पिल्ले उपाशी ठेवलेल्या पिल्लांपेक्षा लवकर सावरली. याचा अर्थ घरी बळेच भरवावे असा कोणी काढू नये. पिल्लू मलूल आहे, हिरड्या कोरड्या किंवा फिकट आहेत, उलटी पुन्हा पुन्हा होते आहे, यांपैकी काहीही दिसले तर त्याच दिवशी दवाखाना गाठावा.

तापाच्या गोळीबद्दल. निरोगी कुत्र्याचे तापमान साधारण 101 ते 102.5 अंश फॅरनहाइट असते, त्यामुळे त्याचे कान आपल्या हाताला गरम लागणारच. नाकाचा ओलसरपणा दिवसभरात अनेकदा बदलतो आणि झोपून उठलेल्या पिल्लाचे नाक कोरडे असते. ताप थर्मामीटरने आणि गुदद्वारातूनच मोजावा लागतो. अशा ठणठणीत पिल्लाला पॅरासिटामॉल देण्याचे गणित एकदा मांडून पाहा. तीन किलोच्या पिल्लाला 500 मिलिग्रॅमची एक गोळी म्हणजे किलोमागे 165 मिलिग्रॅमहून अधिक, आणि कुत्र्याच्या यकृताला इजा होण्याचा धोका 100 मिलिग्रॅमच्या आसपासच सुरू होतो. आयबुप्रोफेन ही माणसांची वेदनाशामक गोळी त्याहून वाईट. त्याने जठरात व्रण पडतात आणि मूत्रपिंडे निकामी होऊ शकतात.

लसणीने जंत पडत नाहीत. कांदा आणि लसूण यांतल्या गंधकयुक्त द्रव्यांनी कुत्र्याच्या तांबड्या रक्तपेशी मात्र फुटतात. गोलकृमी आईच्या गर्भातूनच पिल्लात येतात, म्हणून पिल्लू दोन आठवड्यांचे असल्यापासून ठरावीक अंतराने जंतनाशक द्यावे लागते. या कृमींची अंडी घरातल्या मुलांच्या पोटात गेल्यास त्यांनाही आजार होतो, त्यामुळे हा प्रश्न केवळ पिल्लाचा उरत नाही.

लसीचे कलम असेच उलटे आहे. आईच्या पहिल्या दुधातून संरक्षण मिळते हे खरे, परंतु ते साधारण सहाव्या ते सोळाव्या आठवड्यादरम्यान, प्रत्येक पिल्लात वेगवेगळ्या वेळी ओसरते, आणि ते असेपर्यंत लसही नीट लागू पडत नाही. कोणत्या दिवशी काय घडेल हे बाहेरून कळत नसल्यामुळेच जागतिक लघुप्राणी पशुवैद्यक संघटनेच्या मार्गदर्शक सूचनांत पहिली लस सहा ते आठ आठवड्यांना आणि मग दर दोन ते चार आठवड्यांनी, पिल्लू किमान सोळा आठवड्यांचे होईपर्यंत, असा क्रम दिला आहे. सहा महिने थांबणे म्हणजे पार्वो आणि डिस्टेंपर या विषाणूंच्या जीवघेण्या आजारांना मोकळे रान देणे.

राहिले उंबऱ्याचे कलम, ज्यात तथ्य आहे असे वर म्हटले. पार्वोचा विषाणू मातीत कित्येक महिने तग धरतो, त्यामुळे अर्धवट लसीकरण झालेल्या पिल्लाला कुठेही सोडणे धोक्याचे आहे, याबद्दल वाद नाही. पण माणसे, आवाज, वाहने, इतर प्राणी यांची भीती न बाळगता ओळख होण्याचा काळ तीन ते बारा-चौदा आठवड्यांचा असतो आणि तो घरात कोंडून घालवला तर पुढे भित्रा, म्हणूनच अंगावर येणारा कुत्रा तयार होतो. अमेरिकेतील पशुवर्तन क्षेत्रातल्या पशुवैद्यकांच्या संघटनेने 2008 मध्येच सांगितले आहे की पहिले जंतनाशक दिलेले असेल आणि पहिल्या लसीला किमान सात दिवस झाले असतील तर, सात-आठ आठवड्यांच्या पिल्लालाही स्वच्छ जागेतल्या प्रशिक्षण वर्गात नेता येते. तेव्हा अनोळखी कुत्री जिथे मलमूत्र करतात तिथे, पशुवैद्य सांगेपर्यंत, पिल्लाचे पाय जमिनीला लागू देऊ नयेत. त्याला उचलून घेऊन रस्ता दाखवायला, आणि लसीकरण झालेला शांत कुत्रा ज्यांच्या घरी आहे अशा परिचितांकडे न्यायला, पहिल्या लसीनंतरच्या आठवड्यापासून सुरुवात करावी.