‘केस होईल’ म्हणून माणूस घरात ठेवू नका

मालवणच्या मावशीने व्हॉट्सअ‍ॅपवर एक मेसेज पाठवला आणि खाली लिहिलं, ‘जपून ठेव, उपयोगी पडेल.’ मेसेज असा: कुणी जीव द्यायला विषारी काही घेतलं तर हॉस्पिटलात नेऊ नका, पोलीस केस होते, माणूस आत जातो. मिठाचं पाणी पाजून उलटी काढा. मरणाची भाषा करणारा मरत नाही. त्याच्याजवळ विषय काढू नका, नसतं डोक्यात भरतं.

मिठाचं पाणी आधी घेते, कारण त्यानेच माणूस दगावेल. गुंगीतल्या माणसाला उलटी करवली की ती फुप्फुसात जाऊ शकते. काही द्रव वर येतानाही अन्ननलिका जाळतात. मीठ जास्त गेलं तर रक्तातलं सोडियम वाढून मेंदूला इजा होते. शिवाय काही विषं घेतल्यावर पहिला दिवस माणूस ठीक दिसतो, यकृत नंतर निकामी होतं. तेव्हा ‘आता बरा आहे, झोपू दे’ हे चालणार नाही. तोंडाने काही देऊ नका, १०८ ला फोन करा, बाटली किंवा पाकीट बरोबर घ्या. आडवाडीतून ओरोसच्या जिल्हा रुग्णालयात पोचायला आधीच वेळ लागतो, त्यातला अर्धा घरातच कसला घालवता? देवाला गाऱ्हाणं घालायचं तर मागे राहिलेल्यांनी घालावं, गाडी थांबवू नये.

पोलिसांचं अर्धं खरं आहे, तेवढं मान्य. हॉस्पिटल कळवतं, जबाब होतो. पण मानसिक आरोग्यसेवा कायदा २०१७, कलम ११५ वाचा: उलट सिद्ध होत नाही तोवर ती व्यक्ती तीव्र तणावाखाली होती असंच धरायचं, तिच्यावर खटला भरायचा नाही. वर तिची काळजी, उपचार, पुनर्वसन ही सरकारची जबाबदारी. जीव द्यायचा प्रयत्न हाच गुन्हा मानणारं दंड संहितेचं जुनं ३०९ कलम तर १ जुलै २०२४ पासूनच्या भारतीय न्याय संहितेत उरलेलंच नाही. सरकारी अधिकाऱ्यावर दबाव आणायला केलेला प्रयत्न तेवढा गुन्हा आहे. कुणाला आत टाकणार?

‘बोलतो तो करत नाही’ हे साफ खोटं. अनेकांनी आधी कुणाला तरी सांगितलेलं असतं. आणि विचारल्याने विचार डोक्यात भरत नाही. अभ्यासांत तसं दिसलेलं नाही. तातडीच्या विभागातले डॉक्टर सरळ विचारतात, ‘जीव द्यावासा वाटतो का?’ घरच्यांनीही विचारावं आणि उत्तर ऐकून घ्यावं.

हॉस्पिटलातून घरी सोडल्यानंतरचे पहिले काही आठवडे सगळ्यात धोक्याचे. म्हणून निघतानाच मानसोपचारतज्ज्ञांची पुढची तारीख मागून घ्या, औषधं आणि फवारणीचं सामान कुलपात ठेवा. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा नंबर १४४१६, फुकट, रात्रीही, मराठीत बोलता येतं.