डीव्हीडीवर वाइडस्क्रीन बसतच नाही, हे खरं नाही

व्हॉट्सॲपवर फिरतंय की डीव्हीडी ७२० बाय ५७६ ची असते म्हणून १६:९ म्हणजे वाइडस्क्रीन (रुंद) व्हिडिओला वरखाली काळ्या पट्ट्या टाकाव्याच लागतात. असं काही नाहीये! पालमध्ये (आपल्याकडच्या टीव्ही-डीव्हीडीच्या पद्धतीत) ४:३ म्हणजे जुन्या टीव्हीचा आकार असो की १६:९, पिक्सेल तेवढेच असतात, वाइडस्क्रीन चित्र आडवं दाबून भरतात आणि सोबतची १६:९ ची खूण वाचून प्लेअर ते परत ताणतो. एन्कोड करताना, म्हणजे व्हिडिओ डीव्हीडीच्या फॉरमॅटमध्ये बदलताना, ती खूण ४:३ राहिली की माणसं लंबुळकी दिसतात, आमच्या लग्नाच्या डिस्कमध्ये औक्षणाचं ताट अंड्यासारखं उभं झालेलं, बघवत नव्हतं. आणि काळ्या पट्ट्या चित्रातच कायमच्या टाकल्या तर ५७६ पैकी ४३२ च ओळी चित्राला उरतात, मग मोठ्या टीव्हीवर धूसर दिसणारच. म्हणून एन्कोडर आणि ऑथरिंग (डिस्कची मांडणी, मेन्यू करणं) दोन्हीकडे १६:९ निवडा, प्लेअरच्या सेटअपमध्ये टीव्ही टाइपही तोच ठेवा.