सिद्धता मिळाली, पण कारण?

गणित आणि विज्ञानातल्या स्पष्टीकरणांवरच्या एका लेखात 'सिद्धता मिळाली की स्पष्टीकरण मिळालेच' असं विधान होतं; ते पटलं नाही. पहिल्या 'न' इतक्या (म्हणजे कितीही) विषम संख्यांची (१, ३, ५…) बेरीज न² येते, हे गणिती विगमनाने (एका संख्येसाठी खरं असेल तर पुढच्या संख्येसाठीही खरं, असं दाखवत जाण्याने) दोन ओळींत सिद्ध होतं: न² मध्ये पुढची विषम संख्या २न+१ मिळवली की (न+१)². निर्दोष आहे, पण मुळात वर्गच का यावा? ठिपके मांडून बघा. ३×३ च्या चौरसाला उजवीकडे ३, खाली ३ आणि कोपऱ्यात १ असे ७ ठिपके जोडले की ४×४ चा चौरस तयार. (विगमनातली पायरी म्हणजे हीच जोडणी, फक्त चिन्हांत झाकलेली.)

विज्ञानात धोका उलटा असतो, चटकन पटणारं पण चुकीचं स्पष्टीकरण. विमानाच्या पंखाचंच घ्या. वरचा पृष्ठभाग लांब, म्हणून खालच्या हवेला मागच्या कडेशी एकाच वेळी गाठायला वरची हवा वेगाने धावते, असं सर्रास शिकवतात. पण एकाच वेळी पोहोचायचं बंधन आलं कुठून? प्रत्यक्षात वरची हवा आधीच पोहोचते. शिवाय हे खरं असतं तर दोन्ही बाजूंनी सारख्या आकाराच्या पंखाने विमान उडालंच नसतं, आणि उलटं उडणं तर अशक्यच. दोन्ही होतं, कारण पंख हवेशी कोन करून तिला खाली वळवतो. या स्पष्टीकरणातून पुढचंही कळतं: कोन साधारण १५ अंशांपलीकडे गेला की वरचा प्रवाह पंखापासून सुटतो, हवा नीट वळत नाही आणि उचलणारं बल एकदम घटतं.